कॉफीपुरते दूध

राहात्यात राहून बियांचे दूध काढीत बसणे म्हणजे गोदावरीच्या काठी बसून दंव गोळा करण्यासारखे आहे, असे आमच्या शेजाऱ्यांचे मत आहे. आणि ते अगदीच निराधार आहे असे मला म्हणवत नाही. नगर-मनमाड रस्त्यावर, शिर्डीच्या दक्षिणेस पाच-सहा किलोमीटरांवर वसलेले हे आमचे गाव. १९९९ साली ते स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले. तत्पूर्वी आम्ही कोपरगाव तालुक्यात मोडत असू. साईबाबांच्या चरित्रात राहात्याचे नाव येते ते खुशालचंद शेठांच्या निमित्ताने. शिर्डीची वेस ओलांडून बाबा ज्या दोन-तीन गावी जात, त्यांत उत्तरेचे निमगाव आणि दक्षिणेचे हे राहाते. आजच्या राहात्याची ओळख मात्र पेरूच्या बागा, ऊस आणि दूध यांनी होते. गोदावरीच्या उजव्या कालव्याने या रानाला पाणी दिले, पाण्याने चारा दिला आणि चाऱ्यामागोमाग काळ्या-पांढऱ्या संकरित गायी आल्या. पहाटे पाचच्या सुमारास रस्त्याने किटल्यांचा जो खणखणाट सुरू होतो, तो ऐकून परगावचा पाहुणा दचकून उठतो. आम्ही त्याच आवाजाने कूस बदलतो. दोन माणसे भेटली म्हणजे प्रकृतीची विचारपूस मागाहून होते, ‘फॅट किती लागली?’ हा प्रश्न आधी येतो. अशा गावात एका निवृत्त शिक्षकाच्या स्वयंपाकघरात सोयाबीन भिजत पडलेले दिसावे आणि ते वड्यांसाठी नसून दुधासाठी आहे असे कळावे, ही गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.

हा उद्योग माझ्या मागे लागला तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. अक्काला आता शहात्तरावे वर्ष चालू आहे. चितळीकडच्या एका खेड्यात तिने पन्नास वर्षे संसार केला आणि त्यांतील निदान पंचेचाळीस वर्षे गोठ्यात काढली. दुधाच्या पैशावर तिने दोन मुलांची शिक्षणे केली, एका मुलीचे लग्न केले आणि नवऱ्याचे दीर्घ आजारपण निभावले. दोन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे राहावयास आली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला दूध सोसेनासे झाले. पोट फुगावे, गुरगुरावे, मुरडा यावा, आणि पुढचे सारे व्हावे. डॉक्टरांनी दोन-तीन तपासण्या केल्या, काही दिवस दूध तोडून पाहिले आणि निदान सांगितले.

निदान मोठे साधे होते. दुधात एक विशिष्ट साखर असते. तिला लॅक्टोज म्हणतात. ती मोडण्यासाठी आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. तान्ह्या बाळाजवळ ते मुबलक असते. वय वाढते तसे पुष्कळ माणसांत ते कमी होत जाते आणि मग न मोडलेली साखर मोठ्या आतड्यातील जंतूंच्या स्वाधीन होते. जगातील बहुसंख्य प्रौढ माणसांची हीच कथा आहे. दही-ताक बहुधा सोसते, कारण विरजणाचे जंतू त्या साखरेपैकी काही आधीच फस्त करतात आणि उरलेली पचविण्यासही हातभार लावतात. अक्काने हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि ती एवढेच म्हणाली, ‘‘जन्मभर दुसऱ्याच्या पोटात घातलं, आता माझ्याच पोटाला चालंना.’’

दुधाची तहान ताकावर भागवावी ही म्हण तिच्या बाबतीत डॉक्टरांनीच लिहून दिल्यासारखी झाली. ताक तिला प्रिय होतेच. चहाचाही प्रश्न आला नाही. आमच्याकडे कोरा चहा नवा नाही, गवती चहाचे पाते आणि आले घातले की तिचे काम भागे. अडले ते कॉफीवर.

अक्काची कॉफी ही एक स्वतंत्र संस्था आहे. आमच्या लहानपणी घरात कॉफी होई ती एकादशीला, नाही तर एखादा मोठा पाहुणा आला म्हणजे. दूध आटत आले की त्यात कॉफीची पूड, साखर आणि वर सहाणेवर उगाळावे तसे किसलेले जायफळ. पुढे शिर्डीस आंध्र, तमिळनाडू आणि कर्नाटक या बाजूंचे भाविक मोठ्या संख्येने येऊ लागले, त्यांच्यामागून त्यांची उपाहारगृहे आली आणि त्यांच्याबरोबर चिकोरी मिसळलेली, गाळणीतून थेंबथेंब उतरवलेली कॉफी आमच्या पंचक्रोशीत रुजली. अक्काने त्या कॉफीचा अर्क पत्करला, पण जायफळ सोडले नाही. दक्षिणेकडील एखाद्या जाणकाराने ते पाहिले असते तर त्याला क्लेश झाले असते. आम्हांला मात्र दुपारी चार वाजता तोच वास म्हणजे घर वाटतो.

दूध बंद झाल्यावर तिने कोरी कॉफी एकदा तोंडाला लावली आणि ‘काढा’ म्हणून खाली ठेवली. त्यानंतर चार वाजले की ती काहीतरी काम काढून बाहेर ओट्यावर जाऊन बसू लागली. तक्रार नाही, रुसवा नाही. कोथिंबीर निवडायची असे, नाही तर वाती वळायच्या असत. पण आतून जायफळाचा वास येत असताना एक बाई पाठ करून वाती वळत बसते, हे दृश्य चार-सहा दिवस पाहिल्यावर घरातील कोणालाच कॉफी गोड लागेना.

लॅक्टोज आधीच मोडून ठेवलेले गायीचे दूध हल्ली पाकिटातून मिळते, हे मला ठाऊक होते. ते मुद्दाम आणविले. पोटाला ते सोसले. परंतु मोडलेली साखर मूळच्या साखरेहून अधिक गोड असते, त्यामुळे ते दूध जिभेला गोडसर लागते. अक्काची जीभ म्हणजे दूध-संकलन केंद्रावरील यंत्राहून तिखट. तिने पहिल्याच घोटाला, ‘‘ह्यात कुणी काय घातलंय?’’ असे विचारले. शिवाय सहा महिने न नासणारे दूध ही गोष्टच तिला अमंगळ वाटली. तेव्हा गायीवाचून दूध करता येते काय, याचा शोध मला घ्यावा लागला.

येथे नावाचा वाद उपस्थित होतो आणि तो दिसतो तितका पोकळ नाही. ‘दुग्ध’ हा शब्द ‘दुह्’ म्हणजे दोहन करणे या धातूपासून आला. तेव्हा जे दोहिले नाही ते दूध नव्हे, असे व्याकरण म्हणेल. कायदाही तेच म्हणतो. २०२१ साली भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने वनस्पतिजन्य पेयांवर ‘दूध’ हा शब्द छापू नये असे बजावले. नारळाच्या दुधासारखी रूढ नावे तेवढी वगळली. पण आपल्या भाषेची चाल काही निराळीच आहे. व्यालेल्या गायीचे पहिले दूध, ज्याचा आपण खरवस करतो, तो चीक. वड-उंबराच्या फांदीतून पाझरतो तोही चीक. आणि कुरडयांसाठी तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, पिळून काढतात तोही चीकच. कणसातला दाणा कोवळा असतो तेव्हा शेतकरी तो ‘दुधात आला’ म्हणतो. आयुर्वेदाने वड, पिंपळ, उंबर इत्यादींना क्षीरवृक्षांच्या पंगतीला बसविले आहे. सारांश, गाय, झाड आणि दाणा यांच्या पोटातून जे पांढरे निघते त्यांत आमच्या पूर्वजांनी फारसा भेदाभेद केला नाही. पाकिटावर काय छापावे हा प्रश्न वेगळा. तेथे ग्राहकाची फसवणूक होऊ नये हे योग्यच आहे आणि प्राधिकरणाची बाजू मला पटते. घरच्या पातेल्यावर मात्र काही छापलेले नसते.

या बाबतीत आपल्या वाङ्मयातील सर्वांत जुना दाखला मात्र सुखाचा नाही. महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाचार्य आपल्या दारिद्र्याची हकीकत भीष्मांना सांगतात. श्रीमंतांची मुले दूध पितात हे पाहून लहानगा अश्वत्थामा दुधासाठी रडू लागला. घरी गाय नव्हती. तेव्हा इतर मुलांनी तांदळाचे पीठ पाण्यात कालवून त्याला दिले, आणि ते पिऊन ‘मी दूध प्यालो’ म्हणून तो आनंदाने नाचू लागला. मुले हसली. ते हसणे द्रोणांच्या जिव्हारी लागले. तेथून ते द्रुपदाकडे गेले, तेथे अपमान झाला, आणि पुढचा सारा अनर्थ सर्वश्रुत आहे. पीठपाणी वाईट नव्हते. पण ते दूध म्हणून दिले गेले, हे वाईट होते. ही कथा मी मनाशी बाळगून होतो. अक्काला फसवून काहीही पाजायचे नाही, जे असेल ते नावानिशी सांगून पुढे ठेवायचे, असे मी पहिल्या दिवशीच ठरविले. पन्नास वर्षे धार काढलेल्या बाईला फसविणे शक्य नव्हते, हे दुसरे कारण.

दुसरा दाखला गांधीजींचा. त्यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. १९१८ साली ते अत्यवस्थ झाले तेव्हा दुधाऐवजी काय घ्यावे म्हणून त्यांनी डॉक्टर, वैद्य आणि शास्त्रज्ञ यांना विचारले. कोणी मुगाचे पाणी सुचविले, कोणी मोहाचे तेल, कोणी बदामाचे दूध. हे सगळे करून पाहून शरीर आणखीच झिजले, असे त्यांनी स्वतः आत्मचरित्रात नमूद केले आहे. शेवटी कस्तुरबांच्या तोडग्याप्रमाणे त्यांनी शेळीचे दूध पत्करले; व्रत घेतेवेळी मनात गाय-म्हैसच होती, हा त्या तोडग्याचा आधार. तरीही त्यांनी शोध सोडला नाही. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीनचे प्रयोग केले आणि त्यांची हकीकत ‘हरिजन’मधून प्रसिद्ध केली. महाराष्ट्रातील शेतकऱ्याने सोयाबीन पेरायला घेतले ते त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. आज राहात्याच्या आसपास पाऊस पडला की कपाशी-बाजरीपेक्षा सोयाबीनच अधिक दिसते, आणि शेजारच्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेले ‘फुले संगम’ हे वाण शेतकऱ्यांच्या तोंडी बसले आहे.

असो. आता पातेल्याकडे वळू.

आरंभ शेंगदाण्यापासून केला, कारण दाणे देशावरच्या कोणत्या घरात नाहीत? दाण्यांवर उकळते पाणी ओतावे, दहा मिनिटांनी टरफले चोळून काढावी, चार तास भिजवावे, पाचपट पाण्यात गंधासारखे वाटावे आणि मलमलीतून पिळून घ्यावे. रंग हस्तिदंती येतो, फेस उत्तम धरतो, खर्च किरकोळ. पण दाणा आपली ओळख विसरत नाही. भाजून घेतला तर कॉफीला चिक्कीचा वास येतो. कच्चा घेतला तर कच्चेपणाचा. अक्काने एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘आमटी चांगली झालीय, तिच्यात कॉफी कशाला घातली?’’

नारळ आमच्याकडे कधी कमी नसतो; शिर्डीचे दर्शन करून परतणारा प्रत्येक पाहुणा एक तरी ठेवून जातो. नारळाच्या दुधाची परंपरा कोकणाची. सोलकढी त्याचीच, आणि मालवणकडचे शिरवाळेही त्याच्याच रसात बुडवून खातात. जायफळाशी नारळाचे सख्य आहे हे कॉफीतही दिसून आले. वास सुरेख आला. मात्र नारळाच्या दुधात स्निग्धांश पुष्कळ आणि प्रथिने फार थोडी. स्निग्धाचे सूक्ष्म कण धरून ठेवणारे कोणी नसल्यामुळे गरम कॉफीवर तेलाचे डोळे तरंगू लागतात. वाढदिवसाला एखादे वेळी ठीक, रोजचे नव्हे.

ओटचा सल्ला पुण्याच्या भाच्याने दिला. पुण्यातील कॉफीगृहांतून हल्ली ओटचेच राज्य आहे, असे तो सांगतो. या धान्यात पिष्ट पुष्कळ. थंड पाण्यात घटकाभर ठेवून झटकन वाटले आणि न पिळता गाळले तर दूध पातळ राहते खरे. परंतु कढत कॉफी त्यावर पडली की पिष्ट फुलते आणि पेल्यात लापशी होते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या रिकार्ड उस्ते यांनी १९९० च्या सुमारास यावर विकरांचा उपाय काढला. पिष्ट आधीच मोडून टाकायचे, म्हणजे ते घट्ट होत नाही आणि गोडीही आपोआप येते. जगभर विकल्या जाणाऱ्या ओटच्या पेयाचे मूळ तेथे आहे. हे वाचल्यावर मला मोठी गंमत वाटली, कारण हेच विकर मोड आलेल्या धान्यात असते आणि आमच्या आया-आज्या नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून लहान मुलांची पेज पातळ आणि गोड करीत, ती त्याच्याच बळावर. मी ओटच्या दुधात चमचाभर नाचणीचे तसले पीठ घालून ते हात सोसेल न सोसेल इतके ऊन अर्धा तास ठेवले. लापशीचे पाणी झाले! गोडीही आली. पण रंग राखी आला आणि वास बाळंतिणीच्या खोलीचा. ते पेय अक्का आनंदाने प्याली. कॉफी मात्र त्यात घालू दिली नाही.

काजूविषयी तक्रारीला जागाच नाही. चार तास भिजवा, वाटा. गाळण्याचेही कारण पडत नाही. साईसारखा दाटपणा, वास नाही, रंग पांढराशुभ्र. एकच उणे, आणि ते वेंगुर्ल्यापासून राहात्यापर्यंत सर्वत्र सारखेच आहे. एका निवृत्तिवेतनावर रोज काजूची कॉफी पिणे हे मला जितके अशक्य, तितकेच अक्काला लाजिरवाणे. ‘‘लग्नातल्या बर्फीला काजू मोजून घातलेत मी,’’ असे ती म्हणाली.

राहिले सोयाबीन. दुधाच्या जवळ जाण्याची योग्यता कोणाची असेल तर याची. दाण्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिने आणि वीस टक्के तेल. चीन-जपानात त्याचे दूध शतकानुशतके चालत आले आहे. आपल्याकडे ते नावडते झाले ते वासामुळे. तो उग्र, हिरवट, ओल्या पोत्यासारखा वास दाण्यात मुळी नसतोच. दाणा थंड पाण्यात फुटला की त्यातील एक विकर तेलावर तुटून पडते आणि वास निर्माण होतो. तेव्हा दाणा फुटण्याआधी ते विकर मारले की काम झाले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने १९६० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, उकळत्या पाण्यात वाटले तर हा वास उठत नाही. घरी याचा अर्थ असा: रात्रभर भिजवलेले सोयाबीन चोळून सालपटे काढावी, मग चिमूटभर खाण्याच्या सोड्यासह ते खळखळत्या पाण्यात दहा मिनिटे सबंधच शिजवावे, ते पाणी फेकून द्यावे आणि दाणे गरम असतानाच गरम पाण्यात वाटावे. नंतर गाळून पुन्हा पंधरा मिनिटे उकळावे, आणि हे उकळणे टाळू नये, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडविणारा एक पदार्थ असतो आणि तो उष्णतेनेच जातो. दूध उतू जाण्याच्या बाबतीत हे गायीच्या दुधाचे सख्खे भावंड आहे. पातेल्यापासून हलण्याची सोय नाही.

वास गेला, तेव्हा अक्काने पहिल्यांदा ‘‘हां’’ म्हटले. पण कॉफीत घातल्याबरोबर ते फाटले. पेल्यात पनीर आणि खाली तपकिरी पाणी. यात सोयाबीनचा दोष नाही. कॉफी आंबटसर असते. सोयाबीनची प्रथिने आंबटपणाच्या ज्या पायरीवर एकत्र गोळा होतात, तिच्या अगदी जवळ ती त्यांना नेऊन उभी करते, आणि उष्णता उरलेला धक्का देते. टोफू याच तत्त्वावर होतो. ‘बॅरिस्टा’ असे नाव छापलेल्या महाग पाकिटांत बहुधा आम्लता आवरणारा एखादा क्षार, थोडे तेल आणि दाटपणासाठी गोंदाचा एखादा प्रकार घातलेला असतो. आमच्याकडे क्षार म्हणजे खाण्याचा सोडा. दूध उकळून उतरविताना अर्ध्या लिटरला हरभऱ्याच्या डाळीएवढा सोडा पुरतो. अधिक झाला तर साबणाची चव लागते. कॉफी काळीभोर भाजलेली, चिकोरीची घ्यावी. ती कमी आंबट असते. अर्क उकळता ओतू नये. आणि मुख्य म्हणजे कॉफीत दूध न ओतता ऊन दुधात कॉफी हळूहळू ओतावी. दाटपणासाठी शंभर ग्रॅम सोयाबीनला पंचवीस ग्रॅम काजू वाटताना घालावे, पाणी सगळे मिळून सहाशे मिलिलिटर. चवीला चिमूटभर मीठ, दोन चमचे साखर. फेसासाठी मी यंत्र घेण्याच्या विचारात होतो. अक्काने ताकाची रवी काढली, पातेले दोन पायांत धरले आणि दोन मिनिटांत असा फेस उठविला की, शिर्डीच्या उपाहारगृहातील मुलाने पाहत राहावे.

याच सुमारास शेजारच्यांनी मला रस्त्यात थांबविले. त्यांच्या गोठ्यात आठ गायी आहेत. ‘‘गुरुजी,’’ ते हसतच म्हणाले, पण ते हसणे डोळ्यांपर्यंत पोचले नव्हते, ‘‘तुम्ही पोरांना दुधावर निबंध लिहायला लावायचा, अन् आता तुमच्याच घरात असलं? आमचं दूध मग कुणी प्यायचं?’’

हा प्रश्न राहाते तालुक्यात विचारला जातो तेव्हा तो थट्टेवारी नेता येत नाही. १ जून २०१७ रोजी महाराष्ट्रात जो शेतकरी संप सुरू झाला, त्याची ठिणगी याच तालुक्यातील पुणतांब्यात पडली. चांगदेवांच्या समाधीचे ते गाव; तेथील ग्रामसभेत ठराव झाला आणि पाहता पाहता अनेक जिल्ह्यांत भाजीपाला व दूध शहरांकडे जाणे थांबले. रस्त्यावर ओतलेले दूध त्या दिवसांत सगळ्या देशाने पाहिले. त्या ओतण्याबद्दल शहरातील लोकांना काय वाटले ते वर्तमानपत्रांतून आलेच. पण धार काढून, किटली उचलून, नंतर तीच किटली स्वतःच्या हाताने उलटी करणाऱ्याला काय वाटले असेल, ते अक्काच्या तोंडावर मी पाहिले आहे. पेंड महाग, चारा महाग आणि दुधाचा दर दुसऱ्याच्या हाती, हे गणित त्यानंतरही सुटलेले नाही.

मी शेजाऱ्यांना सांगितले की, सोयाबीनही शेतकऱ्याचेच आहे. आणि त्याचेही गणित तेच. २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर झाला, तरी बाजारात प्रत्यक्ष काय हाती पडते ते तुम्ही जाणताच. शिवाय सोयाबीनची पेंड तुमची गाय खातेच. मी मधली गाय तेवढी वगळली. यावर ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘अन् वगळलेली गाय कुणी पोसायची?’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. एका म्हातारीच्या दोन पेल्यांनी त्यांच्या गोठ्याचे काही बिघडत नाही, हे त्यांनाही कळत होते. पण पुण्या-मुंबईची कॉफीगृहे माझ्या भाच्याने वर्णिली तशी भरत चालली, तर ही चेष्टा फार दिवस चेष्टा राहणार नाही, हे मलाही कळत होते. बिया दोहणारे उद्योग उद्या येथेच, साखर कारखान्यांच्या शेजारी उभे राहतील आणि सोयाबीनला बरा भाव देतील, असे म्हणणारे आहेत. तसे झाले तर मला आनंद आहे. परंतु गोठ्यातून रोज सकाळ-संध्याकाळ पैसा येतो आणि तो बहुधा घरच्या बाईच्या कष्टाचा असतो. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो. हा फरक कोणत्याही पेयाच्या जाहिरातीत मी वाचलेला नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. घरी केलेले हे दूध कॉफीपुरते आहे. तान्ह्या वा वाढत्या मुलाला दुधाच्या जागी देण्याचे नव्हे. त्यात चुन्याचा अंश नाममात्र. बाजारच्या पेयांत तो वरून मिसळतात, घरी मिसळता येत नाही. म्हणून अक्काच्या जेवणात वाटीभर दही, नाचणीची भाकरी आणि तीळ हे नेमाने असतात. अश्वत्थाम्याच्या मित्रांची हुशारी आपण करू नये.

आता चार वाजता ती ओट्यावर जात नाही. दूध झाल्यावर मलमलीत जो चोथा उरतो, त्याचे काय करायचे हा प्रश्न तिने आपण होऊन सोडविला. थोडा थालीपिठात जातो. उरलेला ती घमेल्यात घालून शेजारच्या गोठ्यात नेते. तेथे एक पांढऱ्या कपाळाची कालवड आहे, तिला तो फार आवडतो. शेजारी काही म्हणत नाहीत; घमेले परत देताना त्यात कधी मुळा, कधी मेथीची जुडी ठेवतात. दूध फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते, तिसऱ्या दिवशी आंबते. म्हणून एक दिवसाआड रात्री शंभर ग्रॅम सोयाबीन मोजून भिजत घालणे हे काम माझ्याकडे आहे. काल मी ते मोजू लागलो तेव्हा अक्काने डबा माझ्या हातून काढून घेतला. उद्या एकादशी, सोयाबीन हे कडधान्य, ते उपासाला चालत नाही. तिने दाणे निवडून ठेवले होते आणि शिर्डीच्या पाहुण्यांनी दिलेला नारळ फोडून ठेवला होता. निम्मे हे, निम्मे ते, असे करून पाहू, म्हणाली. आमटीचा वास आला तर जायफळ जरा जास्त घालू.